मास्तर, बाप आणि मधें सांपडलेली पोर

गेल्या महिन्यांत एक गृहस्थ आमच्या कचेरींत आले. वय चाळिशीच्या आंतबाहेर, अंगांत मळका सदरा, हातांत मोबाईल. बसा म्हटलें तरी बसले नाहींत. उभ्याउभ्याच म्हणाले, "एवढें छापा. मास्तराचें नांव घालून छापा, फोटोसकट छापा." आम्हीं त्यांस पाणी दिलें, बसविलें आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. मागाहून त्यांच्या गांवीं जाऊन मास्तरांचीही हकीकत ऐकली. नांव छापणार नाहीं, असें दोघांसही सांगितलें, तेव्हां एकास राग आला व दुसऱ्याचा जीव भांड्यांत पडला. हकीकत मात्र छापणें आम्हांस अवश्य वाटतें. गांवोगांवीं हेंच चाललें आहे आणि जिचें नुकसान होतें तिला कोणी विचारीत नाहीं.

मुलगी चौथींत शिकते. शाळा जिल्हा परिषदेची. वर्ग चार, शिक्षक दोन. शेजारच्या मोठ्या गांवचा बाजार सोमवारीं भरतो. आई भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाते, बाप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो, आणि घरांत दीड वर्षांचें मूल. त्याला राखावयास पोर घरीं राहते. मास्तरांची रीत अशी कीं, गणिताचा नवा धडा ते सोमवारींच काढीत. मंगळवारीं पोर वर्गांत येई ती कोऱ्या पाटीसारखी. अशाच एका मंगळवारीं तिला भागाकार येईना, तेव्हां मास्तर साऱ्या वर्गासमोर बोलून गेले, "तुझ्या आईबापाला बाजार मोठा. घरीं भांडींच घासायचीं आहेत, तर शाळेंत कशाला येतेस?" वर्ग हंसला.

रात्रीं जेवतांना पोरीनें हें घरीं सांगितलें. बापाचें पित्त खवळलें. आमचेंही खवळलें असतें. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं काय केलें तें पाहा. तिघां सोबत्यांना घेऊन सकाळीं अकरा वाजतां, वर्ग चालू असतां, ते सरळ आंत शिरले. एक सोबती मोबाईल धरून चित्रफीत काढूं लागला. "माझ्या पोरीला काय बोललास?" मास्तर म्हणाले, "आधीं बाहेर व्हा, वर्ग चालू आहे." ह्यांनीं त्यांचा हात धरला, त्यांनीं मोबाईलवर झडप घातली, फळ्याची चौकट कोलमडली. शेजारच्या खोलींतलीं पहिली-दुसरीचीं पोरें भोकाड पसरून रडूं लागलीं. आणि जिच्यासाठीं हें सर्व, ती दप्तर तोंडावर धरून कोपऱ्यांत बसली होती.

सायंकाळपर्यंत ती चित्रफीत गांवच्या व्हॉट्सॲपवर गेली, रात्रीं तालुक्यांत फिरली. मास्तर म्हणाले, सरकारी कामांत अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल करतों. बाप म्हणाले, करा, मीही करतों. गांवांत दोन तट पडले. एका तटाला मास्तर नको होते, कारण गेल्या निवडणुकींत मतदानकेंद्रावर त्यांनीं कोणाला तरी रांगेबाहेरून आंत सोडलें नव्हतें. दुसऱ्या तटाला हा बाप नको होता, कारण बांधावरून जुनें भांडण होतें. म्हणजे भांडण पोरीचें राहिलेंच नाहीं. पोर बावीस दिवस घरीं बसली. ते बावीस दिवस ह्या तटाच्या हिशेबांत नव्हते आणि त्या तटाच्याही नव्हते.

दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ, असें म्हणतात. शाळेच्या भांडणांत तिसरें असतें तें मूल, आणि लाभ सोडाच, त्याचेंच नुकसान होतें. बापाची अब्रू चार दिवसांत भरून येते. मास्तरांची बदली होते, नव्या गांवीं ते नवी सुरुवात करतात. चौथीच्या पोरीला मात्र त्याच बाकावर, त्याच मुलींच्या शेजारीं बसायचें असतें, आणि भागाकार यायचाच राहिलेला असतो.

आतां कोणाचें कितपत चुकलें तें पाहूं. मास्तर जें बोलले तें नुसतें कडू बोलणें नव्हे. कायद्यानें मना केलेली गोष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमानें मुलाला मारणें जसें बंद केलें, तसाच त्याचा मानसिक छळही बंद केला. छडी लपविली म्हणजे कायदा पाळला, अशी कांहीं शिक्षकांची समजूत दिसते. छडीचा वळ आठ दिवसांत जातो, चारचौघांतला टोमणा जन्मभर राहतो, हें ज्यांनीं सोसलें त्यांस सांगावयास नको. शिवाय त्याच कायद्याचें २४ वें कलम शिक्षकाचीं कर्तव्यें सांगतें; त्यांत पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती त्यांस कळविणें हेंही आहे. पोर सोमवारीं येत नाहीं हें मास्तरांस जूनपासून दिसत होतें. बापाला बोलावणें कधीं गेलें? एकदांही नाहीं. पोरीला बोलणें मात्र झालें. ज्याचा अपराध त्याला सोडून जो हाताशीं सांपडेल त्याला धरावयाचें, हा न्याय आपल्याकडे फार जुना आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

पण बापाचीही बाजू तितकी सोंवळी नाहीं. राज्यघटनेंत २००२ च्या दुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, तसेंच त्या वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधि देणें हें आईबापांचें कर्तव्य म्हणूनही लिहिलें गेलें. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, तेव्हां मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. त्या काळचा रुपया म्हणजे आजचा रुपया नव्हे. रयतेचा कैवार घेणाऱ्या राजानेंच रयतेला दंड लावला तो कां, याचा आमच्या बांधवांनीं विचार करावा. मास्तर पोरीला काय बोलला हें विचारण्याचा हक्क बापाला आहेच. पण पोर सोमवारीं कोठें होती, हें विचारण्याचा हक्क मास्तरालाही आहे.

मास्तरांविषयीं आणखी एक बोललें पाहिजे, नाहीं तर अन्याय होईल. दोन शिक्षकांनीं चार वर्ग चालवायचे म्हणजे प्रत्येकाने एका वेळीं दोन वर्ग हांकायचे. चौथीला भागाकार सांगतांना तिसरी ओरडत असते. त्यांत खिचडीचा हिशेब, तांदुळाचा साठा, संगणकावर भरावयाच्या नाना माहित्या. शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक याखेरीज दुसऱ्या बिगरशिक्षणी कामाला जुंपूं नये, असें त्याच कायद्याचें २७ वें कलम म्हणतें. तें कितपत पाळलें जातें, हें कोणत्याही मास्तराला विचारून पाहा. दमलेल्या माणसाच्या तोंडून वांकडा शब्द जातो. त्यानें तो शब्द सरळ ठरत नाहीं, पण तो कोठून आला तें कळतें.

आमच्या समाजाला शाळेशीं बोलण्याच्या दोनच रीति ठाऊक आहेत, आणि दोन्ही वाईट आहेत. एक रीत बापजाद्यांची: हात जोडून उभें राहावयाचें, "मारा, झोडा, पण शिकवा" म्हणावयाचें, आणि पोराला खरोखर झोडलें तरी "पाण्यांत राहून माशाशीं वैर नको" म्हणून गप्प बसावयाचें. दुसरी रीत नवी: चार माणसें गोळा करून वर्गांत घुसावयाचें. पहिली भीतीची, दुसरी ऐटीची. पण मूळ दोहोंचें एकच. शाळा आपली आहे असें वाटत नाहीं, म्हणून तिच्यापुढें एक तर वांकावयाचें नाहीं तर तिच्यावर चालून जावयाचें. आपल्या घराच्या दारांत उभें राहून कोणी गयावया करीत नाहीं, आणि आपल्याच दारावर दगडही मारीत नाहीं.

शाळा परकी वाटण्याचें कारण शोधावयास लांब जावयास नको. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत खेड्यांतल्या शाळांना शेतकरी वर्गांतले शिक्षक द्यावेत, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा जाणतील असे द्यावेत, नांगराची रुमणी आणि सुताराचा वाकस हातांत धरण्याची ज्यांस लाज नाहीं असे द्यावेत, अशी मागणी केली होती. त्या काळचे पंतोजी बहुधा एकाच वर्गाचे असत आणि कुणब्याच्या पोराशीं ते कसे वागत, हें पुन्हां उगाळण्याचें कारण नाहीं. कारण ती मागणी आतां बऱ्याच अंशीं पुरी झाली आहे. ह्या हकीकतींतले मास्तर शेतमजुराच्या पोटचे आहेत. त्यांच्या घराण्यांत शाळेचा उंबरठा ओलांडणारे ते पहिलेच. तरी खुर्चीवर बसल्यावर त्यांच्या तोंडून आला तो सूर कोणाचा? सुंभ जळाला तरी पीळ जात नाहीं, असें म्हणतात. येथें तर सुंभ दुसऱ्याचा आणि पीळ आमच्यांत आला आहे! आमच्या शिक्षक बांधवांस हें झोंबेल. झोंबावें म्हणूनच लिहिलें आहे.

जोतीरावांच्या लहानपणींची एक गोष्ट येथें आठवते. एका कारकुनाच्या सांगण्यावरून गोविंदरावांनीं मुलाला शाळेंतून काढलें व मळ्याच्या कामाला लावलें. पुढें शेजारचे गफारबेग मुन्शी आणि लिजिट साहेब ह्या दोघांनीं बापाची समजूत घातली, आणि १८४१ च्या सुमारास जोतीराव पुण्याच्या मिशनच्या शाळेंत पुन्हां बसले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती; मुलगा माळ्याचा. दोघांपैकीं कोणाचाही त्यांत स्वार्थ नव्हता. पोर हुशार आहे, त्याचें नुकसान होऊं नये, एवढेंच त्यांनीं पाहिलें. त्या वेळीं कायदा नव्हता, समिती नव्हती, नुसते शेजारी होते. आज गांवांत शेजारी आहेत, पण ते चित्रफीत पुढें पाठविण्यांत गुंतलेले आहेत.

आणि आतां समितीविषयीं. आम्ही शाळेंत गेलों तेव्हां ओसरीच्या भिंतीवर निळ्या रंगानें शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांचीं नांवें रंगविलेलीं दिसलीं. आम्ही एकेक नांव वाचीत गेलों आणि पांचव्या नांवाशीं थबकलों. आमच्या कचेरींत येऊन "छापा" म्हणणारे गृहस्थ तेच! ज्या समितीपुढें तक्रार न्यावयाची तिचे ते स्वतः सभासद. विचारलें तेव्हां म्हणाले, "हो, एकदां सही घेतली होती." कशावर घेतली? ठाऊक नाहीं. समितीच्या अध्यक्षबाई गांवच्याच एका मुलाच्या आई आहेत. त्यांच्या जागीं आजवर त्यांचे यजमानच सभेला जात. आणि सभा म्हणजे काय, तर वही घरोघर फिरते, सह्या होतात, सभा झाली!

कायद्यांत काय आहे तें पाहा. २१ व्या कलमाप्रमाणें ह्या समितींत चारांतले तीन सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असले पाहिजेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणांत जागा मिळाल्या पाहिजेत. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत अध्यक्ष पालकांतूनच निवडावा, महिन्यांतून निदान एक सभा घ्यावी, आणि सभेचें इतिवृत्त लोकांस पाहावयास मिळावें, असें म्हटलें आहे. शंभर वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांनीं स्कूलबोर्डांत एक जागा मिळावी म्हणून सभा घेतल्या, अर्ज केले. आज बहुमत आमच्या हातांत आहे, आणि आम्ही त्यावर न वाचतां अंगठा उठवून घरीं जातों! समिती कपाटांत बंद राहते, म्हणून तंटा रस्त्यावर येतो.

आमच्या आग्रहावरून एका रविवारीं दुपारीं शाळेच्या कचेरींत बैठक बसली. मुख्याध्यापिका, मास्तर, मुलीचे आईबाप, अध्यक्षबाई स्वतः (यजमानांस आम्हीं बाहेरच्या कट्ट्यावर बसविलें) आणि आम्ही. कचेरींत खुर्च्या चार होत्या. बसतांना असें झालें कीं, मास्तर बसले, बाप बसले, आम्हांस बसा म्हणाले, आणि मुलीची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कोणाच्या तें ध्यानांतही आलें नाहीं. शाळेंत आलेली आई उभीच राहावयाची, हें इतकें अंगवळणीं पडलें आहे. आम्हीं वर्गांतलीं बांकें आणवलीं आणि सर्वजण बांकांवर बसलों. वाचकांस ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण एक बसलेला आणि एक उभा असतां जें बोलणें होतें तें बोलणें नव्हे. ती एक तर झडती असते, नाहीं तर याचना.

पोरीला बैठकीस आणूं नका, असें आम्हीं आधींच बजावलें होतें. तिला मास्तरांसमोर उभी करून "सांग, काय बोलले ते" असें विचारणें म्हणजे तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत घालणें होय. खरें बोलली तर उद्यां वर्गांत जड, खोटें बोलली तर आज घरीं जड. वर्गांतल्या दुसऱ्या मुलींस साक्षीला बोलावण्याचीही बापाची तयारी होती. तीही आम्हीं मोडली. आणखी एक गोष्ट सर्व आईबापांनीं मनांत ठेवावी. पोर घरीं येऊन जें सांगतें तें बहुधा खोटें नसतें, पण सगळेंही नसतें. तें कान देऊन ऐकावें, त्याला धीर द्यावा, आणि मग शाळेंत जाऊन दुसरी निम्मी गोष्ट विचारावी. मधल्या वेळांत मास्तरांस पोरादेखत शिव्या देऊं नयेत. ज्याला घरीं शिव्या ऐकल्या त्याच्याकडून पोर उद्यां काय शिकणार?

बैठकींत आधीं आईला बोलूं दिलें. ती म्हणाली, "गुर्जी, भागाकार आला न्हाई म्हून तुमी दोन शब्द रागावला असता तर मी बोलले नसते. पर तुमी बाजार काढला. बाजारावर तर घर चालतंय आमचं." मास्तर खालीं पाहूं लागले. मग त्यांनीं हजेरीपट काढला. सतरा सोमवारांपैकीं चौदा सोमवार गैरहजर. बापाचा चेहरा उतरला. त्यांना वाटत होतें, पोर कधींमधीं राहत असेल. चौदा हा आंकडा त्यांनीं पहिल्यानेंच ऐकला. आम्हीं मास्तरांस विचारलें, "हा आंकडा यांस आज कां कळतो? चार सोमवार झाले तेव्हांच कां नाहीं?" मास्तरांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं बापास विचारलें, "आणि तुम्ही जूनपासून शाळेंत किती वेळां आलां?" पंधरा ऑगस्टला आलों होतों, म्हणाले.

एवढें झाल्यावर पुढलें सोपें झालें, म्हणजे अगदीं सोपें नव्हे. मास्तर आईबापांपुढें चुकलों म्हणावयास तयार होते; वर्गासमोर म्हणावयास तयार नव्हते. पोरें मग मला जुमानणार नाहींत, असें त्यांचें म्हणणें. आमचें मत त्यांस स्पष्ट सांगितलें: जें वर्गासमोर बोललें गेलें तें वर्गासमोरच परत घेतलें पाहिजे, कोपऱ्यांत मागितलेली माफी ही माफी मागणाऱ्याची सोय असते. यावर अर्धा तास गेला. अखेर मुख्याध्यापिकाबाईंनीं तोड काढली कीं, मास्तरांनीं भाषण करूं नये, एकच वाक्य बोलावें आणि पुढें शिकवूं लागावें. तसें त्यांनीं पुढल्या आठवड्यांत केलें. पोरांनीं त्यांस जुमानणें सोडल्याचें ऐकिवांत नाहीं.

बापांनीं मास्तरांची माफी मागितली, मोबाईलवरची चित्रफीत पुसली. ती जेथें जेथें गेली तेथून मात्र परत येणें नाहीं, आणि त्यांत त्यांच्या पोरीचा चेहरा आहे हें त्यांच्या तेव्हां कोठें लक्षांत आलें. पहिली-दुसरीच्या पोरांची माफी कोणींच मागितली नाहीं; आम्हीं सुचविलें, तेव्हां सर्व हंसले. पोलिसांकडे जाण्याचें दोघांनींही सोडलें. अध्यक्षबाईंच्या सासूबाईंनीं सोमवारीं तें दीड वर्षांचें मूल सांभाळण्याचें कबूल केलें, आणि मास्तरांनीं गणिताचा नवा धडा सोमवारऐवजीं मंगळवारीं काढण्याचें ठरविलें. हा शेवटला उपाय जूनमध्येंही सुचला असता. त्याला एका पैचाही खर्च नव्हता.

सर्व गोड झालें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पोर शाळेंत जाऊं लागली आहे, पण वर्गांतल्या मुली तिला "बाजार" म्हणून हांक मारतात. ती सवय मोडावयास एका वाक्यापेक्षां जास्त कांहीं लागेल, आणि तें काम मास्तरांचेंच आहे.

सर्वच तंटे असे बांकावर बसून मिटत नाहींत. तेव्हां पुढील वाटही आमच्या वाचकांस माहीत असावी. आधीं शिक्षकाला शाळेच्या वेळेनंतर, गर्दी न नेतां भेटावें. आईबाप दोघेंही जावें. तेथें समाधान न झाल्यास मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्या, एकीवर तारीख घालून पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला सरकारी दप्तरांत कान नसतो. तोच विषय समितीच्या सभेंत मांडून इतिवृत्तांत लिहवून घ्यावा. त्यापुढें केंद्रप्रमुख आणि पंचायत समितींतील गटशिक्षणाधिकारी आहेत. कायद्याच्या ३२ व्या कलमानें मुलाच्या हक्काविषयींची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करतां येते. संबंधितांचें म्हणणें ऐकून तीन महिन्यांत तिचा निकाल द्यावा लागतो, आणि निकाल न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. दोन्ही बाजू ऐकण्याचें कलम शिक्षकांच्याही उपयोगाचें आहे. कर्तव्यांत कसूर केल्याबद्दल शिक्षकावर शिस्तीची कारवाई करण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घेतलेंच पाहिजे, असें २४ व्या कलमांत लिहिलें आहे. गांवानें चित्रफितीवर निकाल लावावा, असें कोणत्याही कलमांत नाहीं.

एका बाबतींत मात्र समेट हा शब्दही तोंडांतून काढूं नये. शिक्षकानें किंवा शाळेंतल्या कोणींही मुलाच्या अंगाला वाईट हेतूनें हात लावला असेल, तर तें प्रकरण समितीचें नव्हे, गांवकीचें नव्हे, आणि वर्तमानपत्राचेंही नव्हे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचें संरक्षण करणारा कायदा २०१२ सालीं झाला. त्याप्रमाणें अशी गोष्ट ज्याला कळली त्यानें ती पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे, दडपून ठेवणें हाच गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. "शाळेची अब्रू जाईल" म्हणून जे मिटवामिटवी करतात, ते पोराची अब्रू विकून शाळेची राखतात.

शहरांतल्या खाजगी शाळांविषयीं थोडक्यांतच लिहितों, कारण तेथला रोग उलटा आहे. तेथें फी भरणारा पालक शिक्षिकेला नोकर समजतो, रात्रीं दहा वाजतां मोबाईलवर जाब विचारतो, आणि संस्थाचालक फीच्या भयानें पालकाचीच री ओढतो. विनाअनुदानित शाळांस २१ व्या कलमाची समिती लागू नाहीं. तेथें पालक-शिक्षक संघ असतो. त्या शिक्षिकेचा पगार किती आणि तिची नोकरी किती दिवसांची, हें त्या पालकांनीं एकदां विचारून पाहावें. ह्यावर स्वतंत्र लिहिण्याचा विचार आहे.

तूर्त आमचें मागणें जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पालकांपाशीं आहे. येत्या आठवड्यांत शाळेच्या भिंतीवरचीं समितीचीं नांवें वाचा. त्यांत आपलें नांव आहे काय तें पाहा. मुख्याध्यापकांपाशीं इतिवृत्ताची वही मागा, आणि गेली सभा कोणत्या तारखेस झाली, तिला प्रत्यक्ष कोण बसलें होतें, तें विचारा. ज्या गांवीं तीन महिन्यांत सभाच झाली नसेल, तेथील पालकांनीं तारखांसह आम्हांस पत्र लिहावें. लिहितां येत नसेल तर पोराकडून लिहवून घ्यावें. गांवाचें नांव छापूं; पालकाचें, शिक्षकाचें आणि पोराचें छापणार नाहीं.